दाखवता येईल तेवढं

समुपदेशकाची फाईल जितकी जाड, तितकं त्याचं काम पातळ, असं माझं मत होतं. ते मी मनात ठेवलेलं नव्हतं. सोलापुरातल्या आमच्या माध्यमिक शाळेत समुपदेशनाचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी येतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात मी हे ऐकवत असे आणि ती पोरं माना डोलावत. पोर्टफोलिओ कसा करायचा, त्यात काय घालायचं, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "आधी मुलांजवळ बसायला शिका. फायली करायला आयुष्य पडलंय." गेल्या वर्षभरात हे मत बदललं. पुरतं उलटलं असं नाही. पण जिथे उभी होते तिथून बरीच सरकले. ज्यांना आधीचं ऐकवलं त्यांच्या कानावर नंतरचंही जायला हवं.

ते मत आलं कुठून, हे आधी सांगते. ते हवेतून आलेलं नव्हतं.

मी मूळची मराठीची शिक्षिका. शिक्षकाच्या आयुष्यात फाईल बी.एड.ला शिरते ती निवृत्तीपर्यंत बाहेर पडत नाही. आमच्या वेळी मागच्या बॅचच्या एखाद्या ताईची सराव पाठांची फाईल मागून आणायची आणि तारखा बदलून उतरवून काढायची, अशी रीत होती. आता तयार पीडीएफ मिळते, तेवढाच फरक. पुढे शाळेत शाळासिद्धीची फाईल, तंबाखूमुक्त शाळेची फाईल, सखी सावित्री समितीची फाईल. ही शेवटची समिती राज्य शासनाने १० मार्च २०२२ च्या निर्णयाने शाळाशाळांत करायला लावली. मुलींची सुरक्षितता हा तिचा हेतू, आणि हेतूबद्दल वाद नाहीच. पण फाईलमध्ये काय लागतं? बैठकीचा फोटो, तोही अक्षांश-रेखांशासह. ज्या बैठकीत एखादी मुलगी खरंच तोंड उघडते तिचा फोटो कोणी काढत नाही, काढूही नये. त्यामुळे फायलीत साठतात त्या सगळ्या बिनबोलाच्या बैठका. वर्षानुवर्षं हे बघितल्यावर माणसाचा कागदावरचा विश्वास उडतो.

त्यात कल चाचणीची भर पडली. २०१६ पासून काही वर्षं राज्यभर दहावीच्या मुलांची ही चाचणी होत असे. कृषी, वाणिज्य, ललित कला, कला आणि मानव्यविद्या, आरोग्य आणि जैविक विज्ञान, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं, आणि मुलाचा कल कुठे आहे ते सांगणारा कागद. आमच्या शाळेत ते काम माझ्याकडे होतं. एका मुलाचा कल गणवेशधारी सेवांकडे निघाला. त्याची आई विड्या वळायची. कारखान्यात माल देऊन येता येता ती शाळेत आली आणि कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, गणवेशाची नोकरी म्हंजी वॉचमन का ओ?" मी म्हटलं, पोलीस, सैन्य, असं. "मग उंची लागत असंल की." पोरगा बुटका होता. तिने कागदाची घडी करून पिशवीत टाकली. त्यानंतर आम्ही दोघी विजापूर रोडच्या आयटीआयबद्दल बोललो, कोणत्या ट्रेडला किती गुणांवर प्रवेश मिळतो ते बघितलं, घरातली मिळकत किती आणि मुलाने वर्ष-दोन वर्षं न कमावता शिकलं तर चालेल का ते बोललो. मार्गदर्शन झालं ते इथे. चाचणी शास्त्राला धरून असेलही. पण त्या बोलण्याचा एक शब्द कुठल्या कागदावर नव्हता. आणि वर अहवालात गेलं काय? 'कल चाचणी घेतली. विद्यार्थी संख्या अमुक.'

नंतर मी एनसीईआरटीची मार्गदर्शन आणि समुपदेशनाची पदविका केली. हा अभ्यासक्रम वर्षाचा: सहा महिने घरी बसून वाचायचं-लिहायचं, तीन महिने प्रत्यक्ष केंद्रावर राहायचं, शेवटचे तीन महिने आपल्या गावातल्या शाळेत प्रात्यक्षिक. महाराष्ट्र भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कक्षेत येतो, म्हणून ते मधले महिने श्यामला हिल्सवर. गोपनीयता हा तिथला पहिला धडा, आणि तो माझ्या आधीच्या तिटकाऱ्याला चांगलाच मानवला. आता फायली न करण्याला तत्त्वाचा आधार मिळाला होता.

पुढे एका प्रशिक्षणात एका उमेदवाराने कौतुकाने आपला पोर्टफोलिओ दाखवला. त्यात केस स्टडी होती. मुलीचं नाव बदललेलं. बाकी सगळं जसंच्या तसं: इयत्ता नववी, घरी तेलुगू, वडील सूत रंगवण्याच्या कारखान्यात, आई विडी कामगार, थोरला भाऊ घर सोडून पुण्याला गेलेला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या शाळेच्या शिपाईमामांना हे चार तपशील सांगितले असते तर त्यांनी मुलीचा बाक दाखवला असता. बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम ज्या मुलांसाठी आहे त्यांच्याबाबत ते नुसतं नाव छापू नका असं म्हणत नाही. नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील नको, असं म्हणतं. कायदा करणाऱ्यांना जे कळलं ते आमच्या केस स्टडी लिहिणाऱ्यांना का कळू नये, म्हणून मी त्या दिवशी बरंच बोलले. तिथून माझं सूत्र ठरलं: जे काम आहे ते दाखवता येत नाही, आणि जे दाखवता येतं ते काम नव्हे.

कोणी वाद घातला तर माझ्याकडे घरचंच उदाहरण तयार असे. आमच्या जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० च्या डिसेंबरात ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातलं निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकलं. सोलापूरकराला हे सांगताना आजही आवाज थोडा चढतो. पण मी पुढे म्हणायचे, डिसले गुरुजींनी पुस्तकावर क्यूआर कोड लावला. तो स्कॅन केला की धडा सुरू होतो, कोणालाही दिसतो. आपलं काय स्कॅन करणार? मूल रडून शांत झालं, हे?

मुद्दा बिनतोड वाटायचा. तो मोडला तो कुठल्या पुस्तकाने नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात निकाल दिला. विशाखापट्टणमला राहून नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण. न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला आणि त्यासोबत देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यातलं एक असं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. शंभर म्हणजे आपल्याकडचं जवळजवळ कुठलंही हायस्कूल. निकाल वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ भीती वाटली. इतके समुपदेशक येणार कुठून, आणि त्यांना निवडणार कोण?

त्याचं उत्तर काही महिन्यांत समोर आलं. शहरातल्या एका संस्थेने जागा काढली आणि विषय समजणारं कोणीतरी हवं म्हणून मला निवड समितीत बोलावलं. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी आयुष्यभर बसले होते, अलीकडे पहिल्यांदाच. फायली आल्या. लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं, त्यातली बरीच दोन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळांची. मुलांच्या घोळक्यात मधोमध उभं राहून काढलेले फोटो. मुलांनी काढलेली चित्रं, कोपऱ्यात नाव आणि तुकडीसह. 'मॅडम, तुम्ही माझ्या दुसऱ्या आई आहात' अशी एक चिठ्ठी, प्लास्टिकच्या पाकिटात. मी मनातल्या मनात एकेक बाद करत होते.

मग एक मुलगी आली, हातात फक्त पदवीची कागदपत्रं. अध्यक्षांनी विचारलं, आधीच्या शाळेत काय काम केलं ते दाखवा. ती म्हणाली, "सर, मुलांचं मी बाहेर आणत नाही." एवढंच. आणि शांत बसून राहिली. मला इतकं बरं वाटलं! माझंच वाक्य, माझ्याहून चांगलं म्हटलेलं. तिला मी दोन-तीन प्रश्न विचारले. उत्तर देण्याआधी ती थांबायची, प्रश्न नीट ऐकायची. मला पटली.

चर्चेत मी तिचं नाव पुढे केलं. समितीत संस्थेचे एक विश्वस्त होते, चादरी-टॉवेलचे व्यापारी, साधा आणि सरळ माणूस. ते म्हणाले, "मॅडम, नमुना न बघता गिऱ्हाईक गठ्ठा उचलत नाही की ओ. या मुलीने काय केलंय हे आम्हाला कसं कळावं?" मी गोपनीयतेवर बोलले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ज्याने वर्षभर काहीच केलं नाही तोसुद्धा हेच सांगू शकतो ना?"

मला उत्तर सुचलं नाही. "तिच्या बोलण्यावरून कळतं," असं काहीतरी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "तुम्हाला कळलं. आम्ही काय बघून सही करायची?" नेमणूक दुसऱ्या उमेदवाराची झाली. तो मुलगा वाईट होता असं मी म्हणणार नाही. फोटोंच्या मागे त्याने थोडंफार काम केलेलंही होतं.

मला खटकत राहिलं ते वेगळंच. माझं सूत्र मला परवडत होतं. मी कायम शिक्षिका. पगार शालार्थमधून दरमहा येतो, समुपदेशन हे माझं वरचं काम. दाखवायला काही नसलं तरी माझी नोकरी जात नव्हती. अकरा महिन्यांच्या करारावर शाळाशाळा फिरणाऱ्या मुलीला मात्र दर जूनमध्ये कोणातरी अनोळखी माणसासमोर बसून 'मी काय करते' हे पटवावं लागतं. तिला मी शिकवत होते की दाखवू नकोस. वर तिच्या जाण्याने तिचं सगळं कामही शाळेतून जातं, आणि पुढचा माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो.

दुसरी गोष्ट मला त्याहून आधी दिसायला हवी होती. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना बाहेर आली, तेव्हा आमच्याच शाळेच्या फाटकाशी पालक दोन-दोन तास उभे असायचे. त्यांच्या डोळ्यांसमोरून आम्ही एका मुलाला एका खोलीत नेणार, दार लोटणार, आत एक मोठं माणूस, आणि बाहेरच्याने विचारलं तर सांगणार, आत काय चालतं ते गोपनीय आहे. आजच्या घडीला कुठल्या आईने हे ऐकून घ्यावं? मुलाने काय सांगितलं हे विचारायचा तिला हक्क नसेल. पण तुम्ही या खोलीत काय करता, कशा बसता, काय लिहून ठेवता, कोणाला उत्तर देता, हे विचारायचा हक्क पुरता आहे. मी या दोन गोष्टी एकाच कुलपात घातल्या होत्या.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतःची फाईल करायला घेतली. एकाही मुलाशिवायची फाईल. केस नाही, फोटो नाही, चित्र नाही, चिठ्ठी नाही. मग उरतं काय, ते बघायचं होतं.

पहिलं पान लिहिलं ते 'मी काय करत नाही' याचं. ऑफ तासाला वर्गावर जात नाही. शिक्षा म्हणून पाठवलेल्या मुलाला घेत नाही. शिक्षा आधी संपू दे, मग पाठवा. पालकांचा निरोप मुलाच्या गळी उतरवण्याचं काम करत नाही. आणि संपूर्ण गुप्ततेचं वचन देत नाही. हे शेवटचं लिहिताना अडले. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाने लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की ती पोलिसांना द्यावीच लागते. लपवली तर तोच गुन्हा. हे मला पाठ आहे. पण मुलाला मी हे नक्की कोणत्या शब्दांत सांगते? आठवून बघितलं तर प्रत्येकाला वेगळं सांगत आले होते, आणि काहींना बोलणं रंगल्यावर, म्हणजे उशिरा. मग बसून वाक्य तयार केलं: इथलं बोलणं इथेच राहील, पण तुला किंवा दुसऱ्या कोणाला धोका आहे असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही, आणि कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. आठवीतल्या मुलींना ऐकवलं. एकीने विचारलं, "बाई, धोका म्हणजे किती मोठा?" वाक्य पुन्हा बदललं. आता ते छापून खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलंय, आणि फाईलच्या दुसऱ्या पानावर आहे, आधीच्या खोडलेल्या मसुद्यांसकट.

कॅलेंडरने मात्र माझा सर्वात जास्त वेळ घेतला, आणि तेच आता मला फाईलचं काळीज वाटतं. वर्षभराचं नियोजन म्हणून पोरं जे देतात ते कुठल्याही गावाला लागू पडतं: जूनमध्ये ओळख, ऑक्टोबरमध्ये ताणतणाव, फेब्रुवारीत परीक्षेची भीती. सोलापूरचं वर्ष असं चालत नाही. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा. संक्रांतीच्या आसपासचा आठवडा वर्ग अर्धे रिकामे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत घरंच्या घरं उतरलेली. यात्रेचा मंडप उठतो न उठतो तोच दहावीची पूर्वपरीक्षा आणि फेब्रुवारीत बोर्ड. म्हणजे परीक्षेच्या भीतीवर बोलायचं असेल तर ते डिसेंबरात. फेब्रुवारीत उशीर झालेला असतो. आणि परीक्षा संपल्यावर समुपदेशकाचं काम संपतं असं सगळे धरून चालतात, तेव्हा आमच्या जिल्ह्यात खरी काळजी सुरू होते. एप्रिल-मे हे लग्नाचे महिने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं त्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के निघालं, सोलापूर जिल्ह्यात सुमारे ४०. नववीची मुलगी जूनमध्ये आलीच नाही, हे जूनमध्ये कळून काय उपयोग? मार्चच्या शेवटच्या दिवसांत कोणत्या मुली सुट्टीबद्दल बोलायचं टाळतात, ते बघायचं. हे मी वर्षानुवर्षं करत आले, पण कुठे लिहिलेलं नव्हतं. माझ्यानंतर येणाऱ्याला ते कुठून कळणार?

मंगळवेढ्याकडे काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीचं कॅलेंडर पुन्हा निराळं. तिचं वर्ष साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की वळतं आणि हंगाम संपून पट्टा पडला की पुन्हा वळतं. तिची फाईल वाचून मी न भेटलेल्या मुलांबद्दलही मला काही कळलं, आणि एकाही मुलाबद्दल काही कळलं नाही. हे दोन्ही एका वेळी होऊ शकतं, यावर माझा आधी विश्वास नव्हता.

'कुठे पाठवायचं' याची यादी सगळेच लावतात: चाइल्डलाइन १०९८, टेलिमानस १४४१६, बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सिव्हिलचा मानसोपचार विभाग. नेटवरून उतरवायला पाच मिनिटं लागतात. माझ्या यादीत प्रत्येक नोंदीपुढे मी स्वतः तिथे कधी जाऊन आले किंवा फोन लावून बघितला ती तारीख आहे, आणि पालकाला उपयोगी पडेल असं एखादं वाक्य: केसपेपर कोणत्या खिडकीवर, मुलाला सोबत नेलंच पाहिजे का, रोजंदारी बुडू नये म्हणून कितीला पोचायचं. 'मानसोपचार' ऐकून पाय मागे घेणाऱ्या बापाला काय म्हणायचं तेही लिहिलंय. उमेदवाराच्या फाईलमध्ये असं तारखा टाकलेलं एक पान दिसलं, तर माझ्यापुरती मुलाखत निम्मी झालेली असते.

आकड्यांनी फसवलं. नाव नाही म्हटल्यावर आकडे निर्धोक, असं वाटून मी सुबक तक्ता केला: इयत्ता, महिना, मुलगे, मुली, विषय. पुन्हा बघितलं तर एका चौकोनात 'नववी, मुली, घरातली मारहाण: १'. नववीच्या वर्गशिक्षिकेने ते वाचलं की झालं. मग महिने काढून सहामाही केली, आठवी-नववी-दहावी एकत्र केल्या, आणि पाचच्या खालचा आकडा लिहायचाच नाही असं ठरवलं. तक्ता आता दिसायला ओबडधोबड आहे. ओबडधोबडच बरा.

परीक्षेच्या भीतीवरच्या एका तासाचं टाचणही घातलं, दोन रूपांत. आधीच्यात दीर्घ श्वास, सकारात्मक विचार, पाण्याचे घोट, सगळं यथासांग होतं. मुलांना तास आवडला आणि काही फरक पडला नाही. कारण निम्म्या वर्गाची भीती पेपरची नव्हतीच. एका खोलीचं घर, आई सुपात पानं घेऊन बसलेली, शेजारी यंत्रमागाचा खडखडाट. अभ्यास करायचा कुठे? दुसऱ्या टाचणात आम्ही वर्गात बसून जागांची यादी केली: शाळेची संध्याकाळची अभ्यासिका, एका मैत्रिणीची गच्ची, देवळाचा ओटा. दोन्ही टाचणं शेजारी-शेजारी लावली. विद्यार्थ्यांना वाटतं फसलेला तास लपवावा. निवडणारा शहाणा असेल तर तो आधी तोच वाचतो.

वर्गांतल्या मुलांनी मिळून केलेला भावनांच्या शब्दांचा तक्ताही आहे, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत. चार भाषांच्या गावात समुपदेशकाने तेवढं तरी करावं.

एक विभाग मात्र रिकामा निघाला. माझं काम कोणी तपासतं का? माझं कुठे चुकतंय असं मला कोणाजवळ मोकळेपणाने बोलता येतं का? डॉक्टरला वरचा डॉक्टर असतो. शाळेतल्या समुपदेशकावर मुख्याध्यापक, आणि ते त्या विषयातले नसतात. फाईल केली नसती तर हे पान रिकामं आहे हे मला कधी बोचलंच नसतं. आता गावातल्या काही समुपदेशक मैत्रिणी, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि मी महिन्यातून एकदा बसतो. मुलांची नावं घ्यायची नाहीत, आपलं काय अडलं तेवढं बोलायचं.

काही बाबतींत मी जिथे होते तिथेच आहे. मुलांचे फोटो नकोत. पालकांची लेखी परवानगी असली तरी नकोत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठराच्या आतल्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कायद्यापुरतं ते ठीक. पण ज्या बाईजवळ मूल रडलं तिने 'फोटो काढू का?' विचारल्यावर ते मूल नाही कसं म्हणेल? कौतुकाच्या चिठ्ठ्यांचंही तेच. ती मुलाने आपल्याला दिलेली वस्तू आहे, नोकरीच्या अर्जाला जोडायचा दाखला नव्हे. आणि फाईल ड्राइव्हवर चढवून 'लिंक असेल त्या कोणालाही' खुली ठेवू नका, हे मी ओरडून सांगते. शाळांचे व्हॉट्सअॅप गट कोणत्या वेगाने काय पुढे ढकलतात ते सगळ्यांना माहीत आहे.

हल्ली पोरं अमेरिकन नमुने मोबाइलवर आणून दाखवतात. तिथली शालेय समुपदेशकांची संघटना अडीचशे मुलांमागे एक समुपदेशक असावा असं म्हणते, आणि अनेक विद्यापीठांत पोर्टफोलिओ दिल्याशिवाय पदवी पुरी होत नाही. नमुन्याचं पहिलं पान बहुतेक 'माझं समुपदेशनाचं तत्त्वज्ञान'. हे पान मी शेवटी लिहायला लावते, आणि नाही लिहिलं तरी चालेल म्हणते. बाविसाव्या वर्षी तत्त्वज्ञान उसनंच असतं. टेलिमानसला रात्री फोन लावून बघितला होता का, हे उसनं आणता येत नाही.

तरीही फाईल बघून माणूस कळतो, असं मी त्या विश्वस्तांना आजही म्हणणार नाही. मूल समोर बसल्यावर हा माणूस गप्प बसू शकतो का, हे कुठल्याच पानावर उमटत नाही. म्हणून पुढच्या निवडीच्या वेळी मी आग्रह धरला, की फाईल वाचून झाल्यावर दहा मिनिटं एक खोटा प्रसंग द्यायचा. मी मुलगी झाले, उमेदवार समुपदेशक. विश्वस्त बाजूला बसून बघत होते. फाईल उत्तम असलेल्या एका उमेदवाराने मला तिसऱ्याच मिनिटाला उपदेश सुरू केला. विश्वस्तांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. त्यांनाही कळलं होतं.

सध्या आमच्या मुख्याध्यापकांशी माझा वाद चालू आहे तो फाईलमुळेच उघडा पडला. फाईल माझी, उद्या निवृत्त झाले की मी घेऊन जाईन, एक प्रत शाळेला देईन. पण कपाटात दुसरी एक नोंदवही आहे, मुलांच्या बोलण्याची, माझ्या अक्षरातली. ती कुणाची? मी म्हणते, माझ्यानंतर येणाऱ्या समुपदेशकाच्या हाती सीलबंद द्यायची, आणि कोणी नेमलेलाच नसेल तर मूल शाळा सोडून गेल्यावर ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायची. ते म्हणतात, शाळेतली कुठलीही नोंद शाळेची. उद्या पोलीस किंवा बालकल्याण समिती दारात उभी राहिली आणि तुम्ही गावाला गेलेल्या असाल तर मी काय कपाट फोडू? त्यांचंही चुकत नाही. दोन कुलपं, दोन किल्ल्या, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, असा मार्ग मी सुचवलाय. त्यांनी विचारलंय की तुमची किल्ली सुट्टीत कोणाजवळ राहील. पुढच्या सोमवारी सखी सावित्री समितीच्या बैठकीत हा विषय ठेवलाय, आणि बैठकीचा फोटो काढायचा नाही असं आधीच ठरलंय.